शेवट ठाऊक असलेल्या गोष्टी

सिनेमाबद्दल बोलायला बसलं की हल्ली सगळ्यात आधी एक अट घातली जाते. ‘शेवट सांगू नकोस हं, मी अजून बघितला नाहीये.’ ही अट मीही पाळते, समोरच्याचा विरस करण्यात मला काही आनंद नाही. पण या अटीमागे सिनेमाबद्दलची जी समजूत आहे, तिच्याशी माझं जुनं भांडण आहे. गोष्ट म्हणजे शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत लपवून ठेवायचं काहीतरी, आणि ते जितकं घट्ट लपवलं तितका दिग्दर्शक हुशार, अशी ती समजूत. मुख्य धारेच्या सिनेमाने शंभराहून जास्त वर्षांत गोष्ट सांगण्याचे अनेक संकेत घडवले. त्यांतला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा संकेत याच्या बरोब्बर उलटा आहे. पात्राला कळायच्या आधी प्रेक्षकाला कळू द्यायचं, आणि मग त्याला त्या पात्राजवळ बसवून ठेवायचं.

पुण्यात लघुपट करणाऱ्या मुलामुलींना तोटा नाही. पुरुषोत्तम आणि फिरोदिया या आंतरमहाविद्यालयीन नाट्यस्पर्धांच्या तालमींतून तयार झालेली ही मुलं, कुणाकडे बरा कॅमेरा असतो, कुणाच्या काकांचा पेठेतला जुना वाडा दोन दिवस शूटिंगला मिळतो. त्यांच्या संहिता माझ्याकडे वाचायला येतात आणि मी त्या मनापासून वाचते, कारण त्यात कष्ट असतात. पण त्यांतल्या बऱ्याच संहितांचं शेवटचं पान एकसारखं असतं. इतका वेळ जी बोलत होती ती मुळात जिवंतच नव्हती. जो डॉक्टर वाटत होता तो रुग्ण निघाला. आजोबा ज्या नातवाशी खेळत होते तो त्यांच्या मनातच होता.

अशीच एक संहिता एका मुलीने आणली होती. आठ मिनिटांची. संध्याकाळची वेळ, एक आई स्वयंपाक करतेय. दोन ताटं घेते. मुलाची वाट बघत पिठलं ढवळते, भाकरी थापते. शेजारीण येते, थोडं इकडचं तिकडचं बोलते, बसते. आणि शेवटी कॅमेरा हळूच भिंतीकडे वळतो, तिथे मुलाचा फोटो आणि फोटोला हार.

मी तिला म्हटलं, हा फोटो पहिल्या शॉटला दाखव.

‘ताई, मग उरलं काय?’ तिने विचारलं. तिचा चेहरा पडला होता.

काही दिवसांनी ती पुन्हा आली. फोटो आता सुरुवातीला होता. आई त्यावरचा सुकलेला हार काढते, नवा घालते, हात पदराला पुसते आणि परातीत ज्वारीचं पीठ घेते. त्यानंतरचं जवळजवळ सगळं जुन्या खर्ड्यातलंच होतं, शब्दही तेच. पण आता ती दोन ताटं मांडते तेव्हा दुसऱ्या ताटाचा आवाज वेगळा ऐकू येतो. त्या ताटात डावीकडे लसणीची चटणी वाढते, चटणीत बोटाने खळगा करून त्यात कच्चं तेल सोडते. भाकरीचा पापुद्रा उचलून वाफ जाऊ देते, खाणाऱ्याला चटका बसू नये म्हणून. पहिल्या खर्ड्यात हे सगळं वेळ भरून काढणं होतं. आता त्यातली एकही कृती बघवत नव्हती.

आणि शेजारीण! ती आत येते, दोन्ही ताटांकडे बघते आणि म्हणते, ‘मलाही वाढ गं, भूक लागलीय,’ आणि मांडणीवरून तिसरं ताट स्वतःच काढून घेते. हे वाक्य आधीही होतं. तेव्हा ते नुसतं शेजारपाजारचं बोलणं वाटत होतं. आता कळलं की तिने त्या दुसऱ्या ताटाला हात लावला नाही. ही बाई हे रोज करत असणार. ती मुलगी स्वतःच वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, ‘ही शेजारीण मी लिहिली होती, पण मला ती दिसलीच नव्हती.’

शेवटी धक्का देणाऱ्या गोष्टीत प्रेक्षक सात मिनिटं आरामात बसतो आणि आठव्या मिनिटाला दचकतो. आधी सांगून टाकलेल्या गोष्टीत तो आठही मिनिटं आईच्या स्वयंपाकघरात असतो. दचकणं घरी जाईपर्यंत विरतं.

कोणाला काय ठाऊक आहे आणि कधी कळणार आहे, यावर मुख्य धारेच्या सिनेमाची सगळी बांधणी उभी आहे. नायकाचं ध्येय, आडवा येणारा खलनायक, तीन अंक, अमुक पानावर तमुक वळण, हे पटकथेच्या कार्यशाळांमध्ये तासन्‌तास शिकवलं जातं. त्यात चुकीचं काही नाही, पण तो सांगाडा आहे. रक्त वाहतं ते या ठाऊक असण्या-नसण्यातून. १९०९ साली डी. डब्ल्यू. ग्रिफिथने ‘द लोनली व्हिला’ नावाचा छोटासा मूकपट केला. एका घरात बायको आणि मुली एकट्या आहेत, दरोडेखोर दार फोडताहेत, आणि दूर अडकलेला नवरा फोनवर हे ऐकतोय आणि मग घराकडे धावतोय. ग्रिफिथ या तिन्ही ठिकाणी आळीपाळीने जातो. बायकोला नवरा कुठवर पोचला हे ठाऊक नाही, नवऱ्याला दार टिकलं की नाही हे ठाऊक नाही, दरोडेखोरांना कोणी येतंय याचा पत्ता नाही. सगळं ठाऊक आहे ते फक्त प्रेक्षकाला, आणि त्याला काहीही करता येत नाही. सिनेमाच्या संकलनाने माणसाला ही नवीच जागा दिली. सगळं दिसतं, हात मात्र पोचत नाही.

त्या जागेवर बसलेला माणूस गप्प राहू शकत नाही. एकपडदा थिएटरांमध्ये ज्यांनी सिनेमे बघितलेत त्यांना ‘अरे मागं बघ, मागं!’ ही आरोळी आठवत असेल. नीलायमला किंवा अलकाला बाल्कनीत बसलं तरी खालून ती ऐकू यायची. शहाणी माणसं तिला हसायची. मला ती आरोळी सिनेमाला मिळालेली सगळ्यात खरी दाद वाटते. पडद्यावरच्या एका परक्या माणसाला वाचवायला कुणीतरी अनोळखी माणूस अंधारात जिवाच्या आकांताने ओरडतोय, कारण सिनेमाने त्याला विश्वासात घेतलंय. खुर्चीवर राहिलेली चिठ्ठी, दाराच्या फटीत हललेली सावली, क्लोज-अपमध्ये दिसलेली विषाची बाटली: कॅमेरा हे आपल्याच कानात सांगत असतो.

थरारपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक याने फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या दीर्घ मुलाखतीत सांगितलेलं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण सिनेमाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं. दोन माणसं गप्पा मारताहेत आणि एकदम बॉम्ब फुटतो, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का. तोच बॉम्ब आधी दाखवला, तर त्याच निरर्थक गप्पांत पंधरा मिनिटांचा जीवघेणा ताण. हे उदाहरण सांगून लोक थांबतात. मला त्याहून मोठी वाटते ती त्याने ‘व्हर्टिगो’त केलेली गोष्ट. १९५८ चा सिनेमा. ज्या फ्रेंच कादंबरीवरून तो घेतला तिच्यात रहस्य शेवटी उलगडतं. मेलेल्या प्रेयसीसारखी दिसणारी ही दुसरी बाई म्हणजे तीच आहे, हे. हिचकॉकने ते बऱ्याच आधी सांगून टाकलं. नायक तिच्या हॉटेलच्या खोलीतून बाहेर जातो, दार लागतं, आणि कॅमेरा त्याच्यामागे न जाता तिच्याजवळ थांबतो. ती आपल्याकडे वळते. काय घडलं होतं ते आपल्याला दिसतं. ती कबुलीची चिठ्ठी लिहायला घेते आणि फाडून टाकते.

त्या क्षणापासून सिनेमा बदलतो. आधी आपण विचारत होतो, ही कोण? आता विचारतो, याला कळेल तेव्हा काय होईल, आणि कळू नये म्हणून ही स्वतःला किती पुसून टाकणार? तो तिला कपडे बदलायला लावतो, केस रंगवायला लावतो, आणि ती का ऐकतेय हे फक्त आपल्याला ठाऊक असतं. लपवून ठेवलं असतं तर हा सगळा भाग एका विक्षिप्त माणसाचं वेड म्हणून गेला असता.

इथे एक भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. पात्राला ठाऊक नाही म्हणून आपल्यालाही ठाऊक नाही, हे लपवणं प्रामाणिक आहे. पोलिसाबरोबर आपण शोध घेतो, त्याला सापडेल तेव्हा आपल्याला सापडतं. पण पात्राला सगळं ठाऊक आहे, कॅमेरा तिच्या खोलीत आहे, ती एकटी आहे, आणि तरीही केवळ शेवटी टाळी मिळावी म्हणून सिनेमा आपल्यापासून ते चोरून ठेवतो, तेव्हा माझा त्याच्यावरचा विश्वास उडतो. एकांतातल्या माणसाकडे बघायची परवानगी दिलीत आणि तिच्या मनात काय आहे तेच कापून टाकलंत. हिचकॉक तिच्याबरोबर खोलीत थांबला आणि म्हणून त्याला खरं सांगणं भाग पडलं. हल्लीच्या मालिकांमध्ये प्रत्येक भागाच्या शेवटी जे धक्के पेरलेले असतात, त्यांतले बरेचसे या चोरीवर चालतात.

हे सगळं अमेरिकेत शिकलेलं शहाणपण आहे असं मात्र कुणी समजू नये. माझी आत्या सदाशिव पेठेत नारद मंदिरात कीर्तनाला जायची. पूर्वरंगात बुवा निरूपण करायचे, मग मध्ये नामाचा गजर, बुवांना हार, सगळ्यांना बुक्का, आणि उत्तररंगात आख्यान. हरिश्चंद्राचं आख्यान तिने किती वेळा ऐकलं असेल याला गणती नाही. तारामती रोहिदासाचं प्रेत घेऊन स्मशानात येते आणि राखण करणारा हरिश्चंद्र तिला न ओळखता दहनाचा कर मागतो, तिथे आत्या दर वेळी रडायची. शेवटी सगळं परत मिळतं, मुलगा उठून बसतो, हे ठाऊक असूनही. मी लहानपणी तिला विचारलं होतं, शेवट गोड आहे ना, मग रडतेस कशाला? ती म्हणाली, ‘मला ठाऊक आहे गं. त्या माउलीला कुठे ठाऊक आहे?’

सिनेमाचा सगळा सिद्धान्त या एका वाक्यात आहे असं मी आजही म्हणेन.

दादासाहेब फाळक्यांनी ३ मे १९१३ रोजी मुंबईत कॉरोनेशन थिएटरला लोकांपुढे आणला तो ‘राजा हरिश्चंद्र’च होता. ज्या गोष्टीचा शेवट आधीच सगळ्यांना ठाऊक आहे, नेमकी तीच. मूकपट, पडद्यावर पाट्या, आणि प्रेक्षकांतल्या कितीतरी जणांना अक्षरओळख नाही. तरी कुणाचं काही अडलं नाही. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या आपल्या फिल्म अर्काइव्हमध्ये या हरिश्चंद्राची पहिली आणि शेवटची रिळं तेवढी उरली आहेत, आणि तीही १९१७ च्या नव्या आवृत्तीची असावीत असं काही अभ्यासक मानतात. मधलं सगळं नाहीसं झालं आहे. पण पहिल्या रिळावरून थेट शेवटच्या रिळावर उडी मारताना मराठी प्रेक्षक गोंधळत नाही. मधला भाग आत्यासारख्यांनी आपल्याला देऊन ठेवला आहे.

त्याच रस्त्यावर, आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथे, प्रभातचा स्टुडिओ होता. १९३६ मध्ये दामले-फत्तेलाल यांनी तिथे ‘संत तुकाराम’ केला. तुकोबा वैकुंठाला जाणार हे तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक. मग त्यात बघायचं काय? बघायची ती जिजाई. गौरीने उभी केलेली ती जिजाई आजारी पोराला घेऊन, हातात वहाण घेऊन तरातरा विठोबाच्या देवळात शिरते, त्या काळ्यालाच जाब विचारायला. नवरा कोण आहे हे आपल्याला ठाऊक आहे. घरात दाणा नाही हे तिला ठाऊक आहे. आपलं ज्ञान मोठं खरं, पण तिच्यापुढे ते मिरवता येत नाही. तिच्या जागी आपण असतो तर आपणही वहाणच उचलली असती, हे कळून चुकतं. प्रेक्षकाला पात्राहून जास्त सांगण्यात एक धोका असतो, तो वरून खाली बघायला लागतो. दामले-फत्तेलालांनी तो धोका जिजाईला खरी ठेवून टाळला, तिला एका क्षणासाठीही वेडगळ केली नाही. ही फार अवघड गोष्ट आहे.

हिंदी सिनेमाने हाच संकेत जत्रेच्या आकाराचा केला. ‘अमर अकबर अँथनी’तला रक्तदानाचा प्रसंग लोक चेष्टेसाठी वापरतात. तीन खाटांवर तीन तरुण, तिघांच्या नळ्या वर एकत्र येतात आणि ते रक्त चौथ्या खाटेवरच्या बाईच्या शरीरात उतरतं. वैद्यकशास्त्राला हे मान्य होणार नाही, उघड आहे. पण तिथे काय चाललंय बघा. ते तिघे सख्खे भाऊ आहेत हे त्यांना ठाऊक नाही, ती त्यांची आई आहे हे ठाऊक नाही, तिलाही ठाऊक नाही. संपूर्ण थिएटरला ठाऊक आहे. मनमोहन देसाईंनी १९७७ साली हे रहस्य सिनेमाच्या सुरुवातीलाच वाटून टाकलं आणि उरलेला सगळा वेळ प्रेक्षकाला ‘अरे तुझाच भाऊ आहे तो!’ असं मनात ओरडायला ठेवलं. ताटातूट झालेल्या भावंडांच्या गोष्टींना ठोकळेबाज म्हणणाऱ्यांनी हा ठोकळा एवढा टिकला कसा, याचा विचार करावा.

मराठीत हा संकेत ज्या उंचीवर गेला तो सिनेमा माझ्या दृष्टीने ‘श्वास’. संदीप सावंत यांचा, २००४ सालचा. कोकणातला लहानगा परशा आणि त्याचे आजोबा. डोळ्यांचा कर्करोग. जीव वाचवायचा तर शस्त्रक्रिया करावी लागेल आणि नजर जाईल. हे डॉक्टरांना कळतं, मग आजोबांना, आपल्याला. परशाला नाही. आणि डॉक्टरांचा आग्रह असा की शस्त्रक्रियेआधी मुलाला हे सांगितलंच पाहिजे. म्हणजे ज्याला सिनेमाची भाषा ‘कोणाला कधी कळणार’ म्हणते, तोच इथे कथेचा विषय झाला आहे. आजोबांपुढचा प्रश्न आणि दिग्दर्शकापुढचा प्रश्न एकच आहे. परशाच्या प्रत्येक नजरेकडे आपण जड मनाने बघतो. तो साध्या कुठल्याशा वस्तूकडे टक लावून बघत असतो आणि आपल्याला वाटतं, बघ बाबा, अजून थोडं बघ. आजोबा त्याला दवाखान्यातून बाहेर घेऊन जातात, शहर दाखवायला, तेव्हा रस्त्यावरच्या अगदी किरकोळ गोष्टीही मौल्यवान होतात. आता कल्पना करा की हे आपल्यापासून लपवलं असतं, आजोबा-नातवाची मजेची भटकंती दाखवली असती आणि शेवटी एकदम काळा चष्मा. कुणीतरी त्याला ‘काय ट्विस्ट आहे!’ म्हणालंही असतं.

माझं हे म्हणणं एका तरुण मित्राने एकदा खोडून काढलं होतं. तो म्हणाला, ‘सायको’ घ्या ना. १९६० मध्ये त्याच हिचकॉकने सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही असा नियम केला आणि शेवट सांगू नका म्हणून जाहिरात केली. खरं आहे. ‘शोले’तही ठाकूरचे हात आणि जयचं दोन्ही बाजूंनी सारखंच असलेलं नाणं ही दोन्ही गुपितं सिनेमाने राखून ठेवली आहेत. पण मग मी त्याला विचारलं, तू ‘शोले’ पहिल्यांदा बघितलास तेव्हा नाण्याचं ठाऊक नव्हतं का? तो हसला. त्याला ते शाळेत असल्यापासून ठाऊक होतं, आईवडिलांकडून. आणि तरीही प्रत्येक नाणेफेकीला, आणि त्या प्रत्येक वेळी हसून मान्य करणाऱ्या वीरूकडे बघताना, त्याच्या पोटात तुटतं. गुपित फुटल्यावर सिनेमा मरायला हवा होता, तो तिथून पुढे जास्त जगला. मुंबईत मिनर्व्हाला तो पाच वर्षं चालला तो काय शेवट ठाऊक नसलेल्यांच्या जिवावर?

‘सैराट’ मी पुण्यात दुसऱ्यांदा बघितला तेव्हा थिएटर भरलेलं होतं. पहिल्यांदा बघताना ‘झिंगाट’ हे एक धमाल गाणं असतं, पोरं खुर्च्यांवरून उठतात, मधल्या वाटेत नाचतात. दुसऱ्यांदा बघताना लक्षात येतं की ते गाणं प्रिन्सच्या वाढदिवसाचं आहे. आर्चीच्या भावाच्या. माहेरच्या भेटवस्तू घेऊन शेवटी जी माणसं तिच्या दारात येणार आहेत आणि ती ज्यांच्यासाठी चहा टाकणार आहे, त्यांच्यात हाच असणार आहे. नागराज मंजुळे यांनी हे कुठेही अधोरेखित केलेलं नाही. तो तिथे आहे, एवढंच. आनंदाने नाचणाऱ्या त्या गर्दीत शेवट आधीपासून उभा आहे, आणि तो फक्त शेवट ठाऊक असलेल्यालाच दिसतो.

त्या दिवशी माझ्या मागच्या रांगेत कॉलेजच्या दोन मुली होत्या. गाणं लागल्याबरोबर दोघी उठल्या आणि मनसोक्त नाचल्या. मला वाटलं, पहिल्यांदाच बघत असतील. मध्यंतरात पॉपकॉर्नचा पुडा घेऊन परत आल्या तेव्हा एक दुसरीला सांगत होती, ‘ते बाळ शेजारणीबरोबर बाहेर गेलं ना, की मी डोळे मिटून घेणार आहे. मागच्या वेळी रात्रभर झोप नाही लागली मला.’

दुसरी म्हणाली, ‘मी बघणार आहे. तिला तिथे एकटीला कसं सोडायचं?’